बाटलीचं वजन

ईस्टर होऊन आठवडा झाला नव्हता, तोच लविनाने ओट्यावर नवा कोरा वजनकाटा आणून ठेवला. काचेचा, चपटा, वर हिरवे आकडे. एमिलिया खाली चटईवर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. न विचारता घरात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं तिने त्या काट्याकडे बघितलं.

"हे काय आणलंस आणखी? आपला तराजू आहे ना माळ्यावर."

"मम्मी, त्या तराजूत ग्रॅम दिसत नाहीत."

"ग्रॅम कोणाला बघायचेत?"

"कुरियरवाल्यांना," लविना म्हणाली आणि काट्याचं प्लास्टिक सोलायला लागली.

एमिलियाने मान खाली घालून पुढची मिरची उचलली. कुरियरचं नाव निघालं की ती विषयच सोडायची. मागच्या वर्षीचं अजून तिच्या पोटात होतं.

मागच्या वर्षी झालं असं. लविनाची मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली नोकरी गेली. घरी बसून काय करायचं, म्हणून सासूचा मसाला फोनवरून विकायचं तिने ठरवलं. नवरा ॲलन सहारच्या हॉटेलात शिफ्टवर. तो म्हणाला, कर बाई, माझं काय जातंय. दुकान उघडलं, फोटो टाकले, आता पाठवणावळ ठरवायची होती. लविनाने सासूला विचारलं, "मम्मी, एका बाटलीचं वजन किती?" एमिलियाने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "अर्धा किलो." लविनाने तेच टाकलं. अर्धा किलोचा दर लावला आणि साठ बाटल्या चपलांच्या दुकानातून आणलेल्या खोक्यांत घालून देशभर रवाना केल्या.

एमिलिया खोटं बोलली नव्हती हो. मरोळ गावठाणात कुणालाही विचारलं असतं तर तेच उत्तर मिळालं असतं. अर्धा किलो म्हणजे मसाला. काच कुणी वजनात धरतं का? बाटली तर ज्याची त्याची. लग्नातल्या बियरच्या तपकिरी बाटल्या लोक धुऊन, उन्हात वाळवून ठेवायचे आणि मे महिन्यात पिशवीत घालून एमिलियाकडे आणून द्यायचे. बाटली भरली की घेऊन जायचे, संपली की पुढच्या वर्षी परत. एकेक बाटली वीस-वीस वर्षं ये-जा करायची. तिचं वजन करणं म्हणजे पाहुण्याच्या चपलांचं भाडं लावण्यातलाच प्रकार.

पण कुरियरच्या मशीनला हे कोण सांगणार? तिथे काच मोजली गेली, खोकं मोजलं गेलं, खोक्यातली रिकामी हवासुद्धा मोजली गेली. अर्धा किलोचे दोन किलो झाले. सगळा फरक घरातून गेला, आणि वर तो यज्ञेश, पार्सलं न्यायला येणारा, गेटमध्ये उभा राहून चार शेजाऱ्यांच्या देखत म्हणाला, "आंटी, खोटं वजन टाकता तुम्ही. माझी वाट लावली ऑफिसात."

खोटं वजन! एमिलियाच्या आयुष्यात हा शब्द तिला कुणी ऐकवला नव्हता. तिचा नवरा ऑगस्टीन सायकलच्या मागे वेताची टोपली बांधून चकाल्यापासून कुर्ल्यापर्यंत मसाला पोचवायचा. त्यालाही नाही, तिलाही नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

आता काट्यावर हिरवं शून्य आलं. लविना सासूसमोर उकिडवी बसली.

"मम्मी, एकदाच बोलते, राग मानू नका. ह्या वर्षी पहिल्या लॉटमधल्या एकूण एक पार्सलचं वजन जुळलं पाहिजे. जुळलं तर हे सगळं असंच चालू ठेवू. एक जरी चुकलं, तर पुढच्या वर्षी मसाला गिरणीतून दळून आणायचा आणि पाऊचमध्ये भरायचा. कुटणं बंद."

"पाऊचमध्ये मसाला मरतो गं. त्याला उजेड लागतो, हवा लागते."

"आणि बाटलीत आपण मरतो."

एमिलियाला हसू आलं आणि राग पण आला. पोरगी खोटं बोलत नव्हती. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या कानातले मोडून तो फरक भरला होता. एमिलियाने आणखी एक मिरची उचलली, देठ मोडला आणि म्हणाली, "ठीक आहे. जुळवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुटणाऱ्या बायका आल्या. आरेतल्या पाड्यावरची द्रौपदी, तिची जाऊ शकु आणि म्हातारी सुंदराबाई. खांद्यावर पुरुषभर उंचीची मुसळं. द्रौपदी गेटातूनच तडतडत आली.

"बाय, ऐकलंस का! कंडक्टर म्हणतो, मुसळाचं तिकीट काढ. मी म्हटलं, ते काय सीटवर बसलंय का? तर म्हणतो, लांबी बघ त्याची. तिन्ही मुसळांचं लगेज लावलं मेल्याने."

"वजनावर नाही, लांबीवर?" लविनाने आतून विचारलं.

"हो गं बाई, लांबीवर!"

"बघा मम्मी," लविना बाहेर येऊन म्हणाली, "बसमध्येसुद्धा तेच चाललंय."

एमिलियाने मुसळांचे पैसे द्रौपदीच्या हातात ठेवले आणि चहा टाकायला गेली. चहा गाळताना तिच्या मनात आलं, वीस वर्षांमागे ह्या बाया दहा-बारा असायच्या. आरेतून पायी निघायच्या, रस्त्यात कुणी अडवायचं नाही. गावठाणातल्या प्रत्येक घराच्या अंगणात मे महिन्यात धाड-धाड चालायची, एका घरून दुसऱ्या घरी शिंका जायच्या. आता अंगणंच राहिली नाहीत. तिच्या घराच्या डाव्या हाताला सात मजली इमारत, समोर गाड्यांचं पार्किंग. मधे हे एवढंसं अंगण, आंब्याचं एक झाड आणि लाकडी उखळ.

तीन दिवस गच्चीवर मिरची वाळत होती. काश्मिरी, बेडगी, रेशमपट्टी. एमिलिया दर दोन तासांनी गुडघे धरत वर जायची आणि हाताने ती परतून यायची. मिरची हातात घेऊन कानाजवळ हलवायची. आत बिया वाजल्या की वाळली. चौथ्या दिवशी भाजणं. मातीच्या खापरात धणे वेगळे, जिरं वेगळं, तीळ वेगळे, गहू-चणे वेगळे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, सगळं आपापल्या वेळेने. चुलीपुढे बसून तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागायच्या, पण घड्याळाकडे तिने एकदाही बघितलं नाही. वास बदलला की खापर उतरलं.

मग कुटणं. नाकाला फडकं बांधून तिघी उखळाभोवती उभ्या राहिल्या. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं मधे, तिसरीचं खाली. धाड, धाड, धाड आणि मग एक रिकामी जागा. खरं तर हे चौघींचं काम. चौथं मुसळ पडायचं तिथे नुसती शांतता पडत होती.

ती जागा ब्रिजेटची होती.

ब्रिजेट परेरा समोरच्या घरात राहायची. समोर म्हणजे आता पार्किंग आहे तिथे. कुटणाऱ्या बायकांत मजुरीसाठी म्हणून नाही, हौस म्हणून उभी राहायची. एमिलियाच्या वयाची, तिच्यापेक्षा ताकदीची, आणि कुटताना इतकी चावट बोलायची की म्हातारी सुंदराबाईसुद्धा मुसळ सोडून तोंडाला पदर लावायची. बारा वर्षांमागे तिच्या घराचा सौदा झाला आणि मुलगा तिला घेऊन कोईमतूरला गेला. ईस्टरआधीचा उपवासाचा महिना चालू होता. मसाला व्हायला अजून पाच-सहा आठवडे होते, आणि ब्रिजेटने सवयीने आपली बाटली आधीच एमिलियाकडे आणून ठेवलेली. जाताना गडबडीत ती राहून गेली. सामानाचा टेम्पो निघाल्यावर एमिलियाला आठवलं. ती बाटली हातात घेऊन मरोळ नाक्यापर्यंत धावली, पण टेम्पो निघून गेला होता.

ती बाटली अजून एमिलियाच्या कपाटात होती. कुणी दक्षिणेत जाणारं भेटलं की ती ब्रिजेटला पिशवीत बांधून मसाला द्यायची. बाटली मात्र कुणी नेईना. काच आहे, फुटेल, जड आहे. आणि पिशवीतला मसाला तिकडे पोचेस्तोवर फिका पडायचा. ब्रिजेट फोनवर म्हणायची, "छान आहे गो." तिच्या आवाजावरून एमिलियाला कळायचं, की छान नाहीये.

खरं सांगायचं तर मागच्या वर्षी एमिलियाने ह्या फोनवरच्या दुकानाला हो म्हटलं ते ह्याच एका गोष्टीसाठी. लविनाला तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि त्या वर्षी ब्रिजेटची ऑर्डरही आली नाही.

सहाव्या दिवशी बाटल्या भरायला घेतल्या. नरसाळं लावायचं, मसाला सोडायचा, लाकडी दांडीने ठासायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा ठासायचा. हवेला जागा राहता कामा नये. वर हिंगाचा खडा, मग बूच. एमिलियाच्या तळहातांची आग होत होती. तिने खोबरेल लावलं आणि परत दांडी उचलली. लविना एकेक बाटली काट्यावर ठेवून वहीत लिहीत होती. दहाव्या बाटलीला तिने पेन आपटलं.

"ही आठशे पन्नास. ही नऊशे साठ. ही नऊशे नव्वद! मम्मी, तुम्ही मसाला कमी-जास्त भरताय."

"मी?" एमिलियाने दांडी खाली ठेवली. "चाळीस वर्षं भरतेय मी. ओत, मोज परत."

लविना पण हट्टी. तिने दोन बाटल्या खरंच ताटात ओतल्या आणि मसाला मोजला. एकीत चारशे सत्तर, दुसरीत चारशे बहात्तर. तिने ताटाकडे बघितलं, मग रिकाम्या बाटल्यांकडे.

"म्हणजे बाटल्याच वेगळ्या आहेत?"

"मग काय सगळ्या एका आईच्या आहेत? ही हलकी, ती आताच्या लग्नांतली. हल्ली काच पण पातळ झालीय. ही जड बघ, ही रिचर्डच्या लग्नातली, सत्त्याऐंशी सालची. त्या वेळी बाटली हातातून पडली तर फरशी फुटायची."

द्रौपदी खो-खो हसली. लविना हसली नाही. तिने कपाळ धरलं. कुरियरचा दर अर्ध्या अर्ध्या किलोच्या पायऱ्यांनी चढतो, हे तिने सासूला बोटांवर समजावलं. एक किलोच्या आत राहिलं तर एक दर. त्याच्या वर दहा ग्रॅम गेले तरी दीड किलोचा. "जास्त दर लावला तर लोक ऑर्डर अर्ध्यात टाकून जातात. कमी लावला तर आपल्या घरातून पैसे जातात. आता ह्या दोनशे बाटल्या एकेक करून काट्यावर ठेवत बसू का मी?"

एमिलिया उठली. पदराला हात पुसले. "मला त्यातली हलकी दे. रिकामी. किती आहे ती?"

"तीनशे ऐंशी."

एमिलियाने ती डाव्या हातात धरली, दोनदा वर-खाली केली आणि खाली ठेवली. मग भिंतीशी लावून ठेवलेल्या बाटल्यांच्या रांगेकडे वळली. एक उचलायची, क्षणभर हातात तोलायची, डावीकडे ठेवायची नाहीतर उजवीकडे. बोलायची नाही. मधूनच एखादी बाटली दोनदा उचलायची आणि त्या वेळी तिच्या ओठांवर काहीतरी यायचं. ही एलियासच्या बारशाची. ही होळीच्या मैदानातल्या त्या मोठ्या लग्नाची, जिथे बँडवाला पडला होता. ही ऑगस्टीन गेला त्या वर्षीची; त्या वर्षी तिने मसाला केलाच नव्हता, लोक बाटल्या घेऊन आले आणि रिकाम्याच ठेवून गेले. तासाभरात दोन ढीग झाले. डावीकडे एकशे बारा हलक्या, उजवीकडे बाकीच्या जड.

लविनाने डावीकडच्या वीस बाटल्या उचलून उचलून काट्यावर ठेवल्या. एकही तीनशे नव्वदच्या वर गेली नाही. विसावी तिने दोनदा ठेवून बघितली. मग म्हणाली, "मम्मी, तुमच्या हातात बॅटरी कुठे घालतात?"

हलक्या बाटल्या कुरियरला, जड बाटल्या गावातल्या लोकांना, असं ठरलं. एमिलियाने एकच अट घातली: दुकानात एक शून्याचा दर पाहिजे. जो स्वतःची बाटली घेऊन दारात येईल त्याला पाठवणावळ नाही. लविनाने तीही ओळ घातली.

राहिलं खोकं. खोकं मोठं झालं की मशीन हवा मोजतं, आणि छोटं केलं तर फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळायला जागा राहत नाही. ह्यावर उपाय एमिलियाच्या डोक्यात आधीच होता, कारण ऑगस्टीनची टोपली तिने वर्षानुवर्षं भरली होती. तिने द्रौपदीला तबेल्यातून भाताचा पेंढा आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तिघी बाया पेंढ्याचे भारे घेऊन आल्या. ("ह्याचं पण तिकीट?" लविनाने विचारलं. "ह्याला कंडक्टर शिंकला," द्रौपदी म्हणाली.) एमिलियाने पेंढा ओला करून त्याच्या वेण्या घातल्या आणि प्रत्येक बाटलीला मानेपासून बुडापर्यंत घट्ट झबलं विणलं. तिची बोटं मिरचीने आधीच सोललेली, त्यात पेंढ्याची धार. ती फुंकर घालायची आणि पुढची वेणी घ्यायची. झबली उन्हात खडखडीत वाळली की वर अरुंद, उभं खोकं. लविनाने मोजून मरोळच्या पुठ्ठेवाल्याकडून कापून आणलेलं.

"फुटली तर?" लविना म्हणाली.

एमिलियाने भरलेलं एक खोकं उचललं आणि लविना ओरडेपर्यंत ओट्यावरून अंगणात टाकलं. धप्पकन आवाज झाला. तिघी बाया श्वास धरून उभ्या. लविनाने धावत जाऊन खोकं उघडलं. बाटली जशीच्या तशी. काट्यावर ठेवलं: नऊशे पासष्ट.

"झकास!" लविना म्हणाली, आणि त्या वर्षात पहिल्यांदा तिने सासूच्या गळ्यात हात टाकला.

पहिल्या लॉटला एकेचाळीस ऑर्डरी आल्या. लविना चिठ्ठ्यांवर नावं छापून ओट्यावर मांडत होती आणि एमिलिया चष्मा लावून वाचत होती. मालाडचे, मुलुंडचे, वसईचे, पुण्याचे. नावं बघितली की तिला घरं दिसायची. हा डिमेलो, विहिरीजवळचा. ही मिरांडा, जिच्या अंगणात शेवग्याचं झाड होतं. गावठाणात जे घर शोधून सापडत नाही, ते इथे चिठ्ठीवर मिळत होतं, पिन कोडसकट. एकोणतिसाव्या चिठ्ठीवर तिचं बोट थांबलं. ब्रिजेट परेरा, कोईमतूर.

"ही कोण? ओळखीची?" लविनाने विचारलं. लविना सात वर्षांमागे लग्न होऊन आलेली, तिने ब्रिजेटला बघितलंच नव्हतं.

"समोर राहायची," एमिलिया म्हणाली. एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली.

रात्रभर तिला तळमळ झाली असं काही नाही, झोप लागली तिला. पण सकाळी उठल्या उठल्या तिने कपाट उघडलं आणि ती बाटली काढली. जाड, गडद, बुडाशी ठेच लागलेली. ब्रिजेटच्या स्वतःच्या लग्नातली. मानेवर लाल नेलपॉलिशने काढलेला टिळा, आता अर्धा उडालेला. तिने हातात तोलली. साडेपाचशेच्या वर. जड ढिगात सुद्धा इतकी जड एकही नव्हती.

तिला सगळं कळत होतं. ही बाटली गेली तर पायरी ओलांडणार. वजन चुकणार. एक चुकलं तर कुटणं बंद, द्रौपदीचं येणं बंद, उखळ भंगारात. तिने बाटली परत कपाटात ठेवली आणि दार लावलं. मग म्हणाली, "वा रे वा एमिलिया. म्हणजे जिची बाटली तिला नाही, आणि बाकी जगाला." आणि दार पुन्हा उघडलं.

लविना आपल्या लेकीला शाळेच्या बसवर सोडायला गेली होती. एमिलियाने जड बाटली भरली, ठासली, हिंगाचा खडा घातला. एकोणतिसावं खोकं उघडलं, हलकी बाटली काढली, तिचं झबलं उसवून जड बाटलीवर चढवायला लागली. ते चढेना. तिने परत ओढलं. मागून हात आला आणि वेणीचं टोक धरलं गेलं. द्रौपदी. लवकरची बस मिळाली होती तिला.

"ही लाल टिळ्याची ना?" द्रौपदी म्हणाली. "त्या चावट बाईची?"

"हं."

"वजन?"

"गप बस गो."

द्रौपदीने वेणी ताणून धरली आणि एमिलियाने गाठ मारली. खोकं बंद झालं. चिठ्ठीवर नऊशे पासष्ट लिहिलेलं तसंच राहिलं.

अकरा वाजता यज्ञेश आला. ह्या वेळी त्याने गेटातच हुकाला लटकवायचा काटा काढला. "आंटी, सॉरी हां, पण मी मोजून घेणार." त्याने पहिली तीन खोकी लटकवून बघितली, मान हलवली, मग मधलंच एक उचललं. एमिलिया आंब्याच्या झाडाला टेकून उभी होती. ते सतरावं होतं. "परफेक्ट आहे," यज्ञेश म्हणाला. "काय जादू केली?" सगळी खोकी त्याच्या टेम्पोत चढली. एमिलियाने तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. लविनाला वाटलं उन्हामुळे.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. दुपारची वेळ, सुंदराबाई ओट्यावर आडवी झालेली, एमिलिया मसाला गाळायची फडकी धूत होती. लविना फोन हातात घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा पडला होता.

"एकेचाळीसातली चाळीस जुळली, मम्मी. एक नाही. कोईमतूरचं. एक किलो एकशे चाळीस." ती पायरीवर बसली. "कसं चुकलं? मी स्वतः मोजलं होतं ते. त्यांचं मशीनच चुकलं असणार. मी भांडते त्यांच्याशी. फोटो आहेत माझ्याकडे, वजनाचे."

आता गप्प राहायचं म्हटलं असतं तर राहता आलं असतं. लविना भांडली असती, कदाचित जिंकलीही असती. पण एमिलियाच्या कानात तो शब्द होता, गेटमधला.

"भांडू नकोस," ती म्हणाली. पिळलेलं फडकं तिने हातातच धरून ठेवलं होतं. "मशीन खरं बोलतंय. खोटं वजन मी टाकलं. तू गेल्यावर बाटली बदलली."

लविनाने फोन खाली ठेवला. मग एमिलियाने सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच. टेम्पो, मरोळ नाका, बारा वर्षं, पिशवीतला फिका मसाला. सांगताना तिला रडू आलं आणि ते तिने पुसलं नाही. "तू म्हणाली होतीस एक जरी चुकलं तर. मला माहीत होतं. तरी केलं. आता तू म्हणशील ते. पाऊच आण. पण ती बाटली तिची होती गं, मी काय करू?"

सुंदराबाई उठून बसली होती. द्रौपदीने शकुला कोपराने ढोसलं.

लविनाने नाक ओढलं. "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाली असते," लविना म्हणाली. "आणि मग दुपारी हो म्हणाली असते. तुम्हाला माहितीय मी कशी आहे." तिने फोन उघडला आणि अंगठ्याने काहीतरी लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. "चाळीस बाटल्यांचं वजन तुमच्या हाताने जुळलंय, मम्मी. एकेचाळीसावीचं पण तुम्हाला माहीत होतंच. चुकलं कुठे? फक्त मला सांगायचं चुकलं." तिने फोन सासूपुढे धरला. पाठवणावळीच्या यादीत शून्याच्या दराखाली नवी ओळ होती: जुनी जड बाटली, दीड किलो. "ज्याची बाटली आपल्याकडे पडून आहे त्याला ती पाहिजे असेल तर हा दर. खरा. लोकांना परवडलं तर घेतील. आणि हे कोईमतूरचं ह्या वेळेला माझ्याकडून."

"आणि कुटणं?"

"द्रौपदीमावशी," लविना ओरडली, "पुढच्या वर्षी मुसळाचं तिकीट आधीच सांगा हां. मला ते पण धरायचंय."

जून निम्मा उलटल्यावर यज्ञेश पुन्हा गेटात उभा राहिला. ह्या वेळी न्यायला नाही, द्यायला. "आंटी, तुमचंच खोकं दिसतंय. परत आलं की काय?"

खोकं तेच होतं, अरुंद, उभं. चिठ्ठी मात्र वेगळी. एमिलियाने कात्री घेऊन ते ओट्यावर उघडलं. आत तिनेच विणलेलं पेंढ्याचं झबलं, आणि झबल्यात लाल टिळ्याची बाटली. टिळा नव्याने काढलेला, चकचकीत. बाटलीत गळ्यापर्यंत काळी मिरी भरलेली. भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे ब्रिजेट कोईमतूरला जाऊनही विसरली नव्हती. बुचाखाली कॅलेंडरचा कागद घडी करून खोचलेला. पाठीमागे थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं:

"एमिलिया, मसाला बरणीत काढून घेतला, म्हणजे बाटली लवकर परत पाठवता येईल. पाठवायला कुरियरवाला मसाल्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मागतोय, मुलगा ओरडला. ओरडू दे. मिरी पुढच्या मसाल्यात घाल. आता मला मुसळ उचलत नाही, पण माझी जागा कुणाला देऊ नकोस. पुढच्या उन्हाळ्यात बाटली भरून पाठव. बूच उघडलं आणि वास आला तेव्हा मी रडले गो, बाराही वर्षांचं रडले. ब्रिजेट."

लविनाने चिठ्ठी दोनदा वाचली. मग डोळे पुसत, सासूला हसवायचं म्हणून, तिने नेहमीचा खेळ काढला. दोन महिन्यांत तो घरात रूढ झाला होता: एमिलियाने हातात घेऊन सांगायचं, लविनाने काट्यावर ठेवून बघायचं, आणि हात जिंकायचा.

"सांगा मम्मी. किती?"

एमिलियाने बाटली डाव्या हातात घेतली. एकदा वर-खाली केली, दुसऱ्यांदा केली. मग दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि ओट्यावर बसली.

"तू काट्यावर ठेव गं," ती म्हणाली. "मला नाही कळत आज."